मीटर पळतं तिथे जेवावं

बायको जे दहा वेळा बोलते त्याला वीजमीटरचा रीडिंगवाला घाबरत नसे. "ओला टॉवेल पलंगावर टाकू नका" हे ती रोज बोलायची, टॉवेल रोज पलंगावर असायचा आणि संसार सुरळीत चालू होता. तो घाबरायचा ती एकदाच बोलते त्या गोष्टींना. एकोणीस वर्षांत अशा चारच गोष्टी झाल्या होत्या. पहिली, "मी डबे सुरू करतेय." दुसरी, "मित्राची मोटरसायकल आजच्या आज परत करून या." तिसरीचा घरात अजूनही कोणी उच्चार करत नाही. आणि चौथी ती सहलीला निघताना बॅगेची चेन ओढता ओढता बोलली होती.

"चार दिवसांत एकदा तरी मला दुसऱ्याच्या हातचं, गरम, बसून जेवायचंय."

मागणी ऐकायला किरकोळ होती. पण ही बाई रोज चाळीस डबे भरते. चाळीस डबे गेले की पातेल्याच्या तळाशी जे उरतं ते ती ओट्याला टेकून, उभ्याने आणि गार खाते. कुणा नातेवाइकाकडे जेवायला गेली तरी "अगं, जरा चव बघ ना" म्हणून तिला आत नेतात, आणि मग ती जेवण संपल्यावरच बाहेर येते.

आज चौथा दिवस होता. परतीची बस तीनची. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि हिशोब अजून शून्यावर होता.

या शून्याचं श्रेय साडूचं होतं. साडू म्हणजे बायकोच्या ताईचा नवरा, विमा एजंट. माणूस इतका खात्रीने बोलायचा की समोरच्याला आपण कधीतरी मरणार आहोत याचा आनंद व्हावा. सहल त्यानेच ठरवली, गाडीत खिडकी त्यानेच घेतली आणि कुठे जेवायचं तेही तोच सांगायचा.

"जिथे गर्दी तिथे जेवायचं," साडू म्हणाला होता. "एवढी माणसं काय वेडी आहेत?"

गर्दी होती घड्याळाच्या चौकात. शहरात आलेला प्रत्येक पाहुणा त्या घड्याळासमोर उभा राहून फोटो काढायचा आणि वळला की थेट कुठल्यातरी हॉटेलच्या खुर्चीत पडायचा. चौकात अकरा हॉटेलं होती. प्रत्येकासमोर एक माणूस हातात सात भाषांतलं चकचकीत कार्ड घेऊन उभा. कार्डावर पदार्थांचे फोटो होते आणि फोटोंतून वाफ निघत होती. पहिल्या दिवशी त्यांच्या ताटात रस्सा आला तेव्हा त्यात फोटोतल्या वाफेइतकीही वाफ नव्हती. दुसऱ्या दिवशी शेजारच्या हॉटेलात गेले. रस्सा तोच, कोमट.

"बघा, शहराची खासियत," साडू म्हणाला. "कुठेही जा, एकच चव."

तिसऱ्या दिवशी तिसऱ्या हॉटेलात रीडिंगवाला हात धुवायला गेला आणि बोळातच थांबला. भिंतीवर जुनं मीटर होतं, काचेमागे चकतीचं. त्याच्या गावात ही मीटरं कधीच निघाली होती. जुना मित्र भेटल्यासारखा तो उभा राहिला. मग त्याच्या लक्षात आलं की मित्र झोपलाय. चकती हलत होती, पण दुपारी जेवून उठलेल्या सासऱ्यासारखी.

बावीस वर्षं रोज दोनशे मीटरं वाचलेला माणूस तो. चकतीच्या वेगावरून घरात फ्रीज आहे की नाही, पाणी तापतंय की नाही, जावई मुक्कामाला आलाय की नाही, हे तो दाराबाहेरून सांगायचा. माणसं खोटं बोलतात. "आम्ही नव्हतोच हो महिनाभर" म्हणतात आणि आत एसी गुरगुरत असतो. मीटर बोलत नाही, म्हणून खोटंही बोलत नाही. आणि राहत्या लॉजच्या मॅनेजरने तर पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की या जुन्या भागात छपरं लाकडी असल्यामुळे आग पेटवायला बंदी आहे, अख्ख्या भागाचा स्वयंपाक विजेवर होतो. मग दोनशे माणसं जेवताहेत आणि चकती डुलक्या घेतेय, याचा अर्थ काय?

तो सहा मिनिटं मीटरसमोर उभा होता. साडूने त्याचं पोट बिघडलं असं समजून वेटरच्या हाती चूर्णाची पुडी पाठवली.

"इथे काही शिजतच नाही," परत येऊन तो म्हणाला. "बल्ब आहेत आणि एक फ्रीज आहे. बस."

"तू जेवायला आलास की रीडिंग घ्यायला?" साडू इतक्या मोठ्याने हसला की शेजारच्या टेबलावरचे, ज्यांना भाषा कळत नव्हती, तेही हसले.

रीडिंगवाल्याने बायकोकडे पाहिलं. ती हसत नव्हती. ती वाटीतल्या रश्शावर धरत चाललेली साय बघत होती.

"उद्या आम्ही दोघं वेगळे जेवणार," तो म्हणाला.

म्हणून आज साडेदहापासून तो पुढे आणि बायको मागे अशी वरात चौकाकडे पाठ करून निघाली होती. सिद्धांत सोपा होता. ज्या दाराबाहेरचं मीटर सगळ्यात जोरात पळतंय, त्या दाराआत कोणीतरी मन लावून काहीतरी गरम करतंय.

"अहो, माणसं पाट्या वाचतात," बायको म्हणाली.

"पाटी कोणीही रंगवतं."

गल्लीत मीटरं दाराबाहेर भिंतीला होती, लोकांनी मुद्दाम त्याच्यासाठी मांडून ठेवल्यासारखी. न्हाव्याचं मीटर सुस्त. चपलांच्या दुकानाचं मेलेलं. अकरा वाजून गेल्यावर एका अरुंद गल्लीच्या तोंडाशी तो एकदम थांबला. चकती इतकी गरगरत होती की तिच्यावरची काळी खूण दिसेनाशी झाली होती.

"हे!" तो म्हणाला आणि पडदा सारून रुबाबात आत शिरला. "दोन माणसं."

आत भरपूर वाफ होती. उकाडा होता. भिंतीला बसायला बाकही होता. बायकोच्या मागणीतलं गरम जमलं होतं, बसणं जमलं होतं, फक्त जेवण नव्हतं. चार माणसं चार अवजड इस्त्र्या घेऊन पांढऱ्या चादरींवर तुटून पडली होती.

"दोन माणसं राहू द्या," लाँड्रीवाला म्हणाला. "कपडे किती?"

खुलासा झाला. लाँड्रीवाला सज्जन निघाला. "जेवायचंय होय? मग घड्याळाच्या चौकात जा की. सगळे तिथेच जातात."

"तुम्ही तिथे जेवता?"

"मी? छे! मी घरून डबा आणतो. एक वाजता आमची जेवायची सुट्टी."

डबा म्हटल्यावर बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेत शब्द नव्हते, पण रीडिंग स्पष्ट होतं.

त्याच गल्लीत चार दारं पुढे दुसरी चकती सापडली. ही लाँड्रीसारखी उधळलेली नव्हती. एका ठाम, न थकणाऱ्या चालीने फिरत होती. "हे मंद आचेवरचं आहे," तो जाणकारासारखा म्हणाला. "घाई नाही. असलंच जेवण चांगलं असतं." दार ढकललं तर आत पिवळ्या दिव्यांचा उजेड, आणि पांढरा कोट घातलेली, तोंडाला रुमाल बांधलेली एक मुलगी. स्वच्छता बघून तो खूश झाला.

"आज काय आहे?"

"अंडी," मुलगी म्हणाली.

"चालतील. चार द्या. उकडून."

मुलीने रुमाल खाली केला. तिने त्याच्याकडे असं पाहिलं जसं आई शाळेच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या अनोळखी माणसाकडे पाहते. "काका, हे उबवणी केंद्र आहे. यांना अठरा दिवस झालेत. अजून तीन दिवसांनी पिल्लं निघतील."

चारशे अंडी जाळीच्या ट्रेमध्ये ओळीने बसून होती. ती ऐकत होती की नाही हे सांगता येत नव्हतं, पण बायकोने पदर सावरून ट्रेकडे बघत "सॉरी हं" म्हटलं.

"जेवायचं असेल तर," मुलगी दार लावता लावता म्हणाली, "घड्याळाच्या चौकात—"

"माहितेय," दोघं एका सुरात म्हणाले.

बारा वीस झाले. बायको एका पायरीवर बसली. तिने चपलेतून पाय काढला, टाच दाबली, पुन्हा घातला. ती काही बोलली नाही. रीडिंगवाल्याला हे सगळ्यात वाईट वाटलं. ती ओरडली असती तर दहा वेळांच्या यादीत जमा झालं असतं.

मग त्याला वास आला. कांदा परतल्याचा. गल्ली जिथे संपत होती तिथे एक निळं दार होतं, पाटी नव्हती, आणि बाहेरची चकती चक्क थरथरत होती.

आत एक लांबलचक खोली होती. तीन पुरुषभर उंच भट्ट्या, सहा शेगड्या, शेगड्यांवर माणूस बुडेल एवढी पातेली, आणि या सगळ्याच्या मधोमध एक बाई. वय पंचावन्न, खांदे पहिलवानाचे. बाजूला दोघी मदतनीस पावांचे गोळे ट्रेमध्ये लावत होत्या.

"मावशी, जेवायला मिळेल?" बायकोनेच विचारलं.

"इथे बसून जेवायची सोय नाही," मावशी मान वर न करता म्हणाल्या. "जेवायचं तर चौकात जा."

"चौकात गार मिळतं."

आता मावशींनी मान वर केली. "गार नाही मिळणार तर काय! एकला इथून पिंपं निघतात. हातगाडीवर. दगडी रस्ता, गर्दी, चढ. तिथे पोचेपर्यंत दोन वाजायला वीस मिनिटं. मग ते मोठ्या पिंपातून लहान पिंपात, लहानातून वाटीत, वर कोथिंबीर. अकराच्या अकरा हॉटेलं माझंच वाढतात."



रीडिंगवाल्याच्या डोक्यात तीन दिवसांचा कोमट रस्सा हळूहळू वर चढला. अख्खी सकाळ, एक लाँड्री आणि चारशे न जन्मलेली पिल्लं ओलांडून त्याने बायकोला पुन्हा त्याच रश्शापाशी आणून उभं केलं होतं. साडूला हे कळलं तर पुढची वीस वर्षं प्रत्येक लग्नात हा किस्सा पंगतीत वाढला जाणार होता.

"म्हणजे तेच," बायको म्हणाली.

"तेच," तो म्हणाला. "पण हे... सुरुवातीचं आहे."

आणि त्याच क्षणी गल्लीच्या तोंडाकडून खाड्कन आवाज आला. दिवे गेले. भट्ट्या गप्प झाल्या. शेगड्यांचे लाल डोळे हळूहळू मिटले.

"पडला!" मावशी कडाडल्या. "रोज! रोज साडेबाराला मेला तो लाँड्रीवाला खटका पाडतो! पाव अर्धे कच्चे, आणि एकला गाडी!"

मदतनीस धावल्या. कुणी मेणबत्ती शोधली... म्हणजे मेणबत्तीलाही बंदी, म्हणून टॉर्च शोधली. या गोंधळात बायकोचा हात आपोआप पाटावरच्या अर्ध्या चिरलेल्या कांद्याकडे गेला. सुरी उचलली गेली. बाह्या वर झाल्या.

मावशींच्या अनुभवी नजरेने ते टिपलं. "बाई कामाच्या दिसताहेत. जरा तेवढे कांदे—"

"नाही!" रीडिंगवाला इतक्या जोरात ओरडला की तो स्वतःच दचकला. "सुरी ठेव. खाली ठेव आधी. मावशी, या कामाच्या नाहीत. या आज जेवायला आल्यात."

बायकोने सुरी ठेवली. एकोणीस वर्षांत नवऱ्याने तिच्या हातातलं काम पहिल्यांदाच काढून घेतलं होतं, आणि तेही दुसऱ्याच्या घरी.

"वीज आणून दिली," तो मावशींना म्हणाला, "तर हिला बसून जेवायला वाढाल?"

"वीज आणलीत तर भट्टीतून थेट ताटात वाढते. तुम्ही वायरमन आहात?"

"नाही," तो छाती काढून म्हणाला. "मी रीडिंग घेतो."

मावशींचा चेहरा पडला, पण तोवर तो बाहेर पडला होता.

गल्लीच्या तोंडाशी खांबावर लोखंडी पेटी होती आणि तिच्याखाली लाँड्रीवाला कपडे वाळत घालायची काठी घेऊन उभा होता. काठीने तो खटका वर ढकलायचा, खटका दोन क्षण विचार करायचा आणि पुन्हा पडायचा.

"त्या बाईच्या भट्ट्या!" लाँड्रीवाला म्हणाला. "रोज साडेबाराला!"

रीडिंगवाल्याने बावीस वर्षांत एकाही पेटीला हात लावला नव्हता. खात्याचा नियम होता, बघायचं, लिहायचं, निघायचं. पण बघणं त्याचं झालं होतं. या तिन्ही दारांच्या आत एकाच सकाळी जाऊन आलेला जगात तो एकटाच माणूस होता. उबवणीचे दिवे अहोरात्र. लाँड्रीच्या चार इस्त्र्या सकाळपासून. मावशींच्या भट्ट्या दोन, आणि साडेबाराला पावासाठी तिसरी. दोष एकट्या तिसऱ्या भट्टीचा नव्हता, एकट्या इस्त्र्यांचाही नव्हता. सगळ्यांचं मिळून एका पेटीला जड होत होतं.

"तुमची जेवायची सुट्टी किती वाजता?" त्याने विचारलं.

"एकला. सांगितलं ना मघाशी."

"ती साडेबाराला घ्या. अर्धा तास इस्त्र्या बंद. खटका पडणार नाही."

लाँड्रीवाल्याने काठी जमिनीवर टेकवली. "त्या बाईसाठी? मेलो तरी नाही. दोन वर्षं बोलत नाही मी तिच्याशी. न्यायाधीशांचा पांढरा शर्ट दारात वाळत होता, आणि हिच्या पिंपातून रस्सा हिंदकळून थेट खिशावर! चौदा वेळा धुतला. अजून त्या खिशाला कांद्याचा वास येतो. न्यायाधीश कोर्टात भूक लागते म्हणतात."

"तिच्यासाठी नको मग."

"मग कोणासाठी?"

रीडिंगवाल्याने गल्लीत बोट दाखवलं. उबवणी केंद्राचं दार उघडं होतं. पांढऱ्या कोटातली मुलगी ट्रेवर स्वतःची शाल अंथरत होती, मग स्वेटर, मग एक टॉवेल. मधेच मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होती.

"चारशे आहेत," तो म्हणाला. "अठरा दिवसांची. तीन दिवस राहिलेत. गार पडताहेत."

लाँड्रीवाला बराच वेळ बघत राहिला. त्याचा राग हळूहळू सुरकुत्या काढल्यासारखा सपाट होत गेला.

"अंड्यांनी माझं काय वाकडं केलंय," तो शेवटी पुटपुटला आणि मागे वळून ओरडला, "ए, इस्त्र्या बंद करा रे! डबे काढा!"

चार प्लग निघाले. काठी वर गेली. खटका बसला. खटक्याने विचार केला आणि जागीच राहिला. गल्लीतल्या चकत्या एकामागून एक फिरू लागल्या आणि निळ्या दारातून मावशींचा आवाज आला, "आली रे आली!"

एक वाजायला पाच मिनिटं असताना मावशींनी स्वतःचं कांदे सोलायचं स्टूल पदराने पुसलं आणि बायकोला त्यावर बसवलं. खुर्ची दुसरी नव्हती, म्हणून रीडिंगवाला पोत्याला टेकून उभा राहिला. आज उभ्याने जेवायची पाळी त्याची होती. मावशींनी पळीभर रस्सा उसळत्या पातेल्यातून ताटात ओतला. भट्टीतून पाव काढून तसाच फोडला. त्यातून वाफ निघाली, फोटोतल्यापेक्षा जास्त.

पहिला घास घेतला आणि बायको सवयीने उठली.

"कुठे?" मावशी म्हणाल्या.

"पाणी घेते."

"बसा."

बायको बसली. मदतनिसीने पाणी आणून दिलं. मग बराच वेळ ती जेवत होती आणि तो तिच्याकडे बघत होता, जसा बावीस वर्षं काचेमागे बघत आला होता. तिच्या चेहऱ्यावर काही आकडा दिसत नव्हता. तिने रस्सा संपवला. पुन्हा घेतला. पावाच्या तुकड्याने ताट पुसलं. तळाशी उरलेलं काही नव्हतं.

"छान झालंय," ती म्हणाली.

एकदाच म्हणाली.

पोत्याला टेकलेला माणूस पोत्यावरच बसला.

दारात हातगाडीवर पिंपं चढत होती. मावशींनी एक मोठा वाडगा भरला आणि मदतनिसीला बजावलं, "लाँड्रीत देऊन ये. झाकण घट्ट लाव. घट्ट म्हणजे घट्ट."

पावणेदोनला, ती दोघं चौकाच्या बाजूने लॉजकडे निघाली असताना, रीडिंगवाल्याच्या फोनवर साडूचा फोटो आला. रस्सा, पाव, वर कोथिंबीर. खाली लिहिलं होतं: आजचं हॉटेल सगळ्यात भारी. तुमचं काय, मीटर खाल्लं का?

तीनच्या बसमध्ये साडूने खिडकी घेतली आणि आजच्या हॉटेलची तारीफ सुरू केली. शहर सुटेपर्यंत ती चार वेळा झाली, टोलनाक्यापर्यंत आठ वेळा. रीडिंगवाल्याला त्याची अजिबात भीती वाटत नव्हती.

"पण तुम्ही नेमके कुठे जेवलात?" ताईने विचारलं.

बायकोने डोळे मिटले होते. ते न उघडताच ती म्हणाली, "तुम्ही जेवलात तेच गं. फक्त चाळीस मिनिटं आधी."

साडू खिडकीकडून तिच्याकडे वळला आणि नवव्यांदा म्हणाला, की काय तो रस्सा, वा.